केळ्याच्या पलीकडचा कातेलान

धागाकर्ता: कुंचला_आर्वी

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात भिंतीला चिकटपट्टीने लावलेले एक केळे ६२ लाख डॉलरांना, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना विकले गेले. विकत घेणाऱ्या जस्टिन सन या आभासी चलनाच्या उद्योजकाने ते काही दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर खाऊन टाकले. ती चित्रफीत आपल्याकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली आणि तिच्यासोबत माउरित्सिओ कातेलान हे नावही आले. मात्र त्या नावामागे पस्तीस वर्षांचे काम आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही. मी आर्वी तालुक्यातील एका अनुदानित शाळेत कलाशिक्षक आहे. शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी करणारी मुले वस्तुचित्रात फळे काढताना या किमतीबद्दल विचारतात आणि त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

कातेलान यांचा जन्म १९६० मध्ये इटलीतील पादुआ येथे झाला. वडील ट्रक चालवत आणि आई साफसफाईची कामे करी. कलेचे शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नाही. तरुणपणी पडेल ती नोकरी केली, त्यात शवागारातले कामही होते. पुढे फोर्ली या गावी ते फर्निचरची रचना करू लागले आणि तेथून कलेकडे वळले. कष्टकरी घरातून आलेल्या माणसाच्या मनात नोकरीबद्दल जी धास्ती असते आणि आपण या सुशिक्षित मंडळींत शोभणार नाही असे जे सतत वाटत राहते, ते त्यांच्या सुरुवातीच्या जवळजवळ प्रत्येक कृतीत दिसते. त्यांची सारी कारकीर्द मी याच दाराने वाचतो.

१९८९ मध्ये बोलोन्या शहरात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन होते. प्रेक्षक आले तेव्हा दालनाचे दार बंद होते आणि त्यावर ‘लगेच परत येतो’ अशी पाटी टांगलेली होती. प्रदर्शन म्हणजे तेवढेच. १९९२ मध्ये रिवारा येथील किल्ल्यात त्यांना काम मांडायला बोलावले, तेव्हा त्यांनी चादरींना गाठी मारून तो दोर खिडकीतून खाली सोडला. कैदी जसा पळून जातो तशी ही कलाकाराची पळवाट होती. त्याच सुमारास त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापन करून देणगीदारांकडून दहा हजार डॉलर जमवले आणि जो कलावंत वर्षभर कोठेही प्रदर्शन भरवणार नाही त्याला ही रक्कम देऊ, असे जाहीर केले. कोणीही पुढे आले नाही, आणि त्या पैशांवर ते स्वतःच न्यूयॉर्कला गेले. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, मिळालेली जागा त्यांनी एका जाहिरात संस्थेला भाड्याने दिली आणि त्या प्रतिष्ठित दालनात अत्तराची जाहिरात लागली. १९९६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये तर त्यांनी शेजारच्या एका कलादालनातील सगळे सामान रात्रीतून उचलून आणले आणि स्वतःचे प्रदर्शन म्हणून मांडले. पोलिसांनी ते परत करायला लावले.

या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, आणि हसू येणे योग्यच आहे. परंतु बंद दार, पळून जाण्याचा दोर, न केलेल्या कामाचा मोबदला आणि चोरीचा माल ही चारही चित्रे परीक्षेला घाबरलेल्या माणसाची आहेत. आपल्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही, ही भीती त्यांनी लपवली नाही. तिलाच दाखवण्याची वस्तू केले. हे धैर्य मला मोठे वाटते.

त्या काळातील एक काम मात्र भीतीचे नाही, आणि माझ्या मते ते त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी आहे. १९९१ मध्ये त्यांनी टेबलावर दांडे फिरवून खेळायच्या फुटबॉलचे एक प्रचंड लांब टेबल बनवून घेतले. त्याच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा माणसे एकाच वेळी उभी राहून खेळू शकत. इटलीत पोटासाठी आलेल्या आफ्रिकी मजुरांचा एक संघ त्यांनी उभा केला आणि स्थानिक इटालियन खेळाडूंशी त्याचे सामने लावले. परक्या मजुरांविषयीचा राग इटलीत वाढत असतानाचा तो काळ होता. भाषण नाही, फलक नाही, केवळ एक खेळणे, आणि समोरासमोर उभे राहिल्याशिवाय खेळताच येणार नाही अशी त्याची रचना.

पॉप आर्टचा त्यांच्यावरचा प्रभाव याच ठिकाणी कळतो. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सूपचे डबे रंगवले तेव्हापासून बाजारातील, जाहिरातीतील आणि सिनेमातील प्रतिमा कलादालनात आल्या. कातेलान त्या प्रतिमा घेतात आणि चुकीच्या जागी ठेवतात. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या दारात त्यांनी पिकासोचे भलेमोठे मुंडके घातलेला माणूस उभा केला, जो करमणूक उद्यानातील पात्रासारखा पाहुण्यांचे स्वागत करी. २००१ मध्ये सिसिलीतील पालेर्मो शहराच्या कचरा डेपोवरील टेकडीवर त्यांनी हॉलिवूडची ती जगप्रसिद्ध पांढरी अक्षरे उभारली. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाच्या कारंज्यात बालकथेतला लाकडी बाहुला पिनोकिओ पालथा पडून बुडालेला होता. प्रतिमा लहान मुलालाही ओळखू येते आणि तिचा अर्थ मोठ्या माणसालाही पटकन लागत नाही.

१९९९ मधील ‘ला नोना ओरा’ हे त्यांचे सर्वाधिक चर्चेत राहिलेले शिल्प. पोप जॉन पॉल दुसरे हे लाल गालिच्यावर आडवे पडले आहेत, त्यांच्या अंगावर उल्का कोसळली आहे, आणि हातातला क्रूस त्यांनी तरीही सोडलेला नाही. डिसेंबर २००० मध्ये हे शिल्प पोलंडमधील वॉर्सात, म्हणजे त्या पोपच्या मायदेशी मांडले गेले, तेव्हा संसदेच्या दोन सदस्यांनी दालनात येऊन ती उल्का बाजूला केली आणि पोपना उभे करण्याचा प्रयत्न केला. त्यांना हा धर्माचा अपमान वाटला. मला ते शिल्प पाहताना, अर्थात छायाचित्रातून, आघात सोसणाऱ्या एका वृद्धाबद्दल करुणा वाटते. २००१ मधील ‘हिम’ हे काम त्याहून अवघड आहे: मागून पाहिले तर शाळकरी मुलगा गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो, आणि समोर गेल्यावर तो हिटलर निघतो. २०१६ मध्ये ते १ कोटी ७२ लाख डॉलरांना विकले गेले.

२०११ मध्ये गुगनहाइमने त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. त्यांनी भिंतींना आणि मजल्यांना हात न लावता आपली सव्वाशेहून अधिक कामे त्या गोल इमारतीच्या मध्यभागी छतापासून दोरांनी टांगली आणि त्यानंतर निवृत्ती जाहीर केली. ती टिकली नाही. २०१६ मध्ये त्याच संग्रहालयातील एका शौचालयात अठरा कॅरट सोन्याचे, वापरता येणारे भांडे त्यांनी बसवले. एक लाखांहून अधिक लोकांनी ते वापरले. पुढे इंग्लंडमधील ब्लेनहाइम राजवाड्यातून सप्टेंबर २०१९ मध्ये ते चोरीला गेले. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायामीत केळे आले.

सदस्यांनी आपले मत मोकळेपणाने मांडावे. किमतीपेक्षा कामांबद्दल बोलता आले तर अधिक आनंद होईल.

पांढरे_सोने

सर, आपण कामांबद्दल बोलायला सांगितले आहे, तरी मी किमतीपासूनच सुरुवात करतो, कारण नेर तालुक्यातल्या शेतकऱ्याला ती ओलांडून पुढे जाता येत नाही. लिलावगृहाबाहेरच्या ज्या फळगाडीवरून हे केळे आले, ती चालवणारा वृद्ध विक्रेता बांगलादेशातून आलेला होता आणि त्याने ते ३५ सेंटला विकले होते, असे न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. त्याला नंतर किंमत कळली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असेही त्या बातमीत होते. कातेलान यांची आई साफसफाई करीत होती. मग या माणसाचे दुःख त्यांना कळले असेल की नाही, आणि त्या ५२ कोटींतला वाटा कोणाला मिळाला, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कुंचला_आर्वी

भाऊ, प्रश्न रास्त आहे, म्हणून व्यवहार नीट सांगतो. २०१९ मध्ये मायामी येथे पेरोटँ या कलादालनाने हे काम १ लाख २० हजार डॉलरांना विकले. मूळ प्रती तीनच होत्या. विकत घेणाऱ्याला फळ मिळत नाही. एक प्रमाणपत्र आणि सविस्तर सूचनापत्र मिळते. केळे जमिनीपासून १७५ सेंटिमीटर उंचीवर लावावे, सात ते दहा दिवसांनी बदलावे, अशा सूचना त्यात आहेत. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचे केळे आणि लिलावातले केळे वेगळे. सलग राहिला तो फक्त कागद. मायामीत डेव्हिड दातुना या कलाकाराने भिंतीवरचे केळे खाल्ले तेव्हा कलादालनाने काही वेळातच दुसरे लावले, आणि कलाकृतीचे काही बिघडले नाही.

२०२४ चा लिलाव हा मालकाने केलेल्या पुनर्विक्रीचा होता. अमेरिकेत अशा विक्रीत कलावंताला वाटा देण्याचा कायदा नाही, त्यामुळे त्या रकमेतून कातेलान यांना काही मिळाले नाही. फळविक्रेत्याला मिळाले ते ३५ सेंट. ही कलाकृती किंमत कशी ठरते याचे दर्शन घडवते असे तिचे समर्थक सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु त्या विक्रेत्याचे अश्रू त्या दर्शनात कोठे बसवायचे याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही समीक्षकाच्या लेखनात आढळले नाही. म्हणूनच मी या कामाला त्यांच्या उत्तम कामांत धरत नाही.

वैनगंगा

मी मूळची पवनी तालुक्यातली असून सध्या नागपुरात चित्रकला शिकते. सरांनी ज्या कामाचा उल्लेख केला नाही त्याबद्दल लिहिते, कारण माझ्या दृष्टीने कातेलान तेथेच भेटतात.

१९९६ मध्ये त्यांनी एक छोटे स्वयंपाकघर बनवले, इतके छोटे की पाहण्यासाठी जमिनीलगत वाकावे लागते. पिवळ्या टेबलापाशी एक खरी, पेंढा भरलेली खार खुर्चीत बसली आहे आणि तिचे डोके टेबलावर पडले आहे. खाली जमिनीवर बंदूक पडली आहे. मागे बेसिनमध्ये खरकटी भांडी तशीच आहेत. या कामाचे नाव एका परीकथेच्या चित्रपटातील जादूच्या मंत्रावरून घेतले आहे, ज्या मंत्राने भोपळ्याची बग्गी होते. कार्टूनमधली लाडकी खार, मंत्र, आणि ही भांडी. ते स्वयंपाकघर कातेलान यांच्या लहानपणीच्या घरासारखे आहे, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे.

मला त्या न घासलेल्या भांड्यांपुढे थांबावे लागते. जादूने काही बदलेल असे सांगितले गेले होते आणि काहीच बदलले नाही, एवढेच ते दृश्य सांगते. आपल्या भागात वाढलेल्या मुलीला हे दृश्य समजायला कलेतिहासाची गरज पडत नाही.

पांढरे_सोने

ताईंनी लिहिलेले वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येत राहिले ते सर्वांना ठाऊक आहे. ते येथे पुन्हा सांगत नाही. खारीचे ते काम मला पटते, कारण ते लहान आहे आणि पाहणाऱ्याला खाली वाकायला लावते. मात्र याच कलावंताने २००४ मध्ये मिलान शहरातील एका चौकात, झाडाच्या फांदीला लहान मुलांचे तीन पुतळे फास लावून टांगले होते, असे मी आत्ताच वाचले. ते पाहून अस्वस्थ झालेला एक नागरिक झाडावर चढला, त्याने दोर कापले आणि तो स्वतः पडून जखमी झाला. मी त्या नागरिकाच्या बाजूचा आहे. ज्यांनी खरोखर असे दृश्य पाहिले आहे त्यांच्या वाटेवर ते न विचारता मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही. कलादालनात जाणारा माणूस दार उघडून जातो. चौकातून तर भाजी आणायला जाणाराही जातो.

कुंचला_आर्वी

आपल्या मताचा मी पूर्ण आदर करतो, आणि मुलांना हे काम मी कधीही दाखवणार नाही. तरीही एक गोष्ट विचारात घ्यावी असे वाटते. त्या पुतळ्यांचे डोळे उघडे होते आणि ते खाली, शहराकडे पाहत होते. मिलान हे इटलीचे सर्वांत श्रीमंत शहर, आणि तेथील एका फॅशन उद्योगाशी संबंधित प्रतिष्ठानाने हे काम करवून घेतले होते. मुलांच्या वाट्याला येणाऱ्या हिंसेकडे रोज दूरचित्रवाणीवर पाहून सवय झालेल्या लोकांना ती आपल्या चौकात सहन झाली नाही. दोर कापणाऱ्या माणसाने, माझ्या मते, त्या कामाला सर्वांत प्रामाणिक उत्तर दिले: पुतळे आहेत हे माहीत असूनही त्याला ते तसे ठेववेनात. तुमच्या आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे न विचारता मांडण्याचा, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तो आक्षेप तसाच राहिला पाहिजे.

झाडीपट्टीचे_पडदे

आमचे घर देसाईगंजजवळ आहे आणि आमच्याकडे दोन पिढ्यांपासून झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले जातात. जंगल, राजवाडा, तुरुंग, गावातली गल्ली असे पडदे हंगामात मंडळी भाड्याने नेतात. प्रेक्षक नटाचे नाव लक्षात ठेवतात, लेखकाचे ठेवतात. पडद्यावर मात्र सही नसते. म्हणून या धाग्यावर मला एकच विचारायचे आहे. पोप, हिटलर, ते पुतळे, यांतले कातेलान यांनी स्वतःच्या हाताने काय केले?

कुंचला_आर्वी

दादा, स्वतःच्या हाताने जवळजवळ काहीच केले नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. मेणाची शिल्पे दानिएल द्रुए या फ्रेंच शिल्पकाराने घडवली. द्रुए यांनी पॅरिसच्या ग्रेव्हँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयासाठी दीर्घकाळ काम केले होते. १९९९ ते २००६ या काळात त्यांनी कातेलान यांच्यासाठी पुतळे केले आणि त्यांत ‘ला नोना ओरा’ व ‘हिम’ ही दोन्ही होती. पुढे २०१६ मध्ये पॅरिसच्या टांकसाळीतील प्रदर्शनात ही कामे मांडली गेली, आणि तेथे आपले नाव कोठेही नाही म्हणून द्रुए यांनी पेरोटँ कलादालन आणि टांकसाळीवर दावा लावला. या शिल्पांचे कर्ते आपण आहोत, असे घोषित व्हावे आणि सुमारे ५० लाख युरो मिळावेत, अशी त्यांची मागणी होती.

जुलै २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दावा फेटाळला. खुद्द कातेलान यांना प्रतिवादी केलेले नसल्याने कर्तृत्वाचा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत देता येणार नाही, हे एक कारण होते. दुसरे असे की पुतळा कोठे ठेवायचा, कोणत्या दिशेला तोंड, कोणते कपडे, कोणता भाव, कशी जागा, याच्या नेमक्या सूचना कातेलान यांच्याकडून आल्या होत्या आणि दृश्याच्या या मांडणीत द्रुए यांचा वाटा नव्हता, असे न्यायालयाला दिसले.

माझे मत न्यायालयाहून थोडे वेगळे आहे. पोप तेथे कोसळलेले असावेत, ही कल्पना द्रुए यांना सुचली नसती हे खरेच आहे. पण त्या चेहऱ्यावरच्या मिटलेल्या डोळ्यांत जी वेदना आहे, जिच्यामुळे मला करुणा वाटते असे मी वर लिहिले, ती द्रुए यांच्या बोटांनी आणली. कायद्याने कर्ता एकच असेल तर असो, प्रदर्शनाच्या भिंतीवर दुसऱ्या नावासाठी एक ओळ निश्चित निघाली असती.

झाडीपट्टीचे_पडदे

एका ओळीबद्दल आपण लिहिलेत, तेवढेच मला हवे होते. पैशाचा हिशेब ठरलेला असतो आणि कारागीर तो मान्य करूनच काम घेतो, त्यामुळे ५० लाख युरोंची मागणी मला स्वतःला पटत नाही. पण जेथे लोक पाहायला येतात तेथे कोणी केले हे लिहिण्यास काही खर्च येत नाही. आम्ही यंदापासून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नाव घालण्याबद्दल मंडळींशी बोलणार आहोत.

वरुडकर

संत्र्याच्या मुलखातून लिहितो आहे, तेव्हा फळांबद्दलचा अभिमान गृहीत धरावा. मला वाटते की कातेलान आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जे निघते ते याच जातीचे काम आहे. मारबत म्हणजे ईडा पिडा गावाबाहेर नेणारा स्त्रीरूपातला मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याने छळले, मग ती महागाई असो, भ्रष्टाचार असो की एखादा पुढारी, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा मिरवला जातो. आमच्याकडे खेड्यांतही ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सकाळी तिला गावाबाहेर नेतात. सत्ताधाऱ्याला पुतळा करून रस्त्यावर आणायचे, लोकांनी हसायचे, आणि त्या हसण्यात मनातला राग वाहून जाऊ द्यायचा. मिलानच्या शेअर बाजारासमोरच्या चौकात २०१० मध्ये कातेलान यांनी पांढऱ्या संगमरवराचा एक प्रचंड हात उभा केला, ज्याची मधले बोट सोडून बाकीची बोटे कापलेली आहेत. आर्थिक संकटानंतरचा तो काळ होता. ते शिल्प मूळ थोड्या काळासाठी होते, पण आजही तेथेच आहे. तो बडग्याच आहे.

वैनगंगा

दादा, मारबतीचा संदर्भ मला फार आवडला, पण मी तो अर्ध्यापर्यंतच मान्य करीन. मारबत शेवटी जाळतात. ती कोणाच्या मालकीची नसते, तिची दुसरी प्रत नसते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा सर्वांनी मिळून करायची असते. कातेलान यांचे केळे कुजते, परंतु त्याचे प्रमाणपत्र तिजोरीत राहते आणि त्याची किंमत वाढते. तो संगमरवरी हातही हटवला गेला नाही. ज्या बाजाराला तो दाखवला त्याच बाजाराच्या दारात आता पर्यटक त्याची छायाचित्रे काढतात. राग वाहून गेला की शोभेची वस्तू झाला, असा माझा प्रश्न आहे.

वरुडकर

प्रश्न बरोबर आहे. यापुरते मी म्हणेन की शोभेची वस्तू झाला तरी बोट तेच आहे, आणि शेअर बाजारात काम करणाऱ्याला ते रोज दिसते.

मेळघाटची_वाट

एवढी चर्चा वाचूनही माझे मन वळलेले नाही. न्यूयॉर्कच्या याच गुगनहाइममध्ये २०१४ मध्ये वासुदेव गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन झाले. गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. वर्षाला मोजकीच चित्रे करणारा, रंगाचा थर देऊन तो पुसून पुन्हा देणारा, आणि चित्राबद्दल बोलणे टाळणारा हा माणूस. त्याच इमारतीत त्याच्या तीन वर्षे आधी घोडे, पोप आणि खारी दोरांना लटकत होत्या. विदर्भातल्या मुलांना शिकवायचे असेल तर गायतोंडे शिकवा. शांत बसून पाहण्याची सवय त्यांना हवी आहे. धक्के त्यांना मोबाइलवर पुरेसे मिळतात.

कुंचला_आर्वी

गायतोंडे मी शिकवतोच, आणि शिकवत राहीन. दोघांत निवड करायची वेळ आली तर मीही गायतोंडे यांचेच चित्र भिंतीवर लावीन. परंतु धक्क्याबद्दल आपण लिहिले त्याला माझी हरकत आहे. १९९७ मधील ‘नोवेचेंतो’ पाहावे. इटलीतील रिवोली किल्ल्याच्या नक्षीदार छतापासून एक खरा, पेंढा भरलेला घोडा पट्ट्याने टांगला आहे. त्याचे पाय प्रमाणापेक्षा लांब केलेले आहेत आणि ते जमिनीकडे लोंबत आहेत. मान खाली गेली आहे. विसाव्या शतकाचे नाव दिलेला हा प्राणी, ज्याच्यात धावण्याची सारी ताकद आहे, ज्याला पाय टेकवायला जागा नाही. पहिल्या क्षणी धक्का बसतो हे मान्य. पण त्यानंतर तो घोडा हलत नाही, बोलत नाही, आणि पाहणाऱ्यालाच शांत बसावे लागते. मोबाइलवरची चित्रफीत हे करत नाही.

मेळघाटची_वाट

घोड्याचे छायाचित्र शोधून पाहिले. आपण म्हणता ते त्या कामापुरते मान्य करतो. सोन्याचे भांडे आणि केळे यांबद्दल माझे मत कायम आहे.

पळसफूल

मुंबईत नोकरीला असल्याने एक माहिती जोडते. २०२३ मध्ये नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात ‘टॉयलेटपेपर’ या नियतकालिकावर आधारित मोठे प्रदर्शन झाले होते. कातेलान आणि छायाचित्रकार पिएरपाओलो फेरारी यांनी २०१० मध्ये हे नियतकालिक सुरू केले. त्यात जाहिरातीसारखी चकचकीत पण काहीतरी बिघडलेली छायाचित्रे असतात. प्रदर्शनात त्या छायाचित्रांच्याच खोल्या केल्या होत्या, भडक रंगांचे फर्निचर होते आणि लोक सर्वत्र स्वतःचे फोटो काढत होते. मला ते सुंदर पण पोकळ वाटले. वर ज्या खारीबद्दल, घोड्याबद्दल लिहिले आहे त्यातले काहीच तेथे नव्हते, आणि आपल्याकडील बहुसंख्य लोकांची कातेलान यांच्याशी पहिली ओळख नेमकी तेथे झाली.

कुंचला_आर्वी

ताई, आपल्या निरीक्षणाशी सहमत आहे. निवृत्तीनंतरच्या कामांत चकाकी वाढली आणि भीती कमी झाली, असे मलाही वाटत आले आहे. ज्याला हरण्याची धास्ती उरली नाही त्याच्या खेळात जीव राहणे कठीण असते.

तरी एक अपवाद नोंदवायलाच हवा. २०२४ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत व्हॅटिकनने आपले दालन जुदेक्का बेटावरील स्त्रियांच्या तुरुंगात भरवले आणि त्यासाठी कातेलान यांना बोलावले. ज्यांनी पोपवर उल्का पाडली त्यांनाच. त्यांनी तुरुंगातील प्रार्थनामंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर दोन अनवाणी तळपायांचे भलेमोठे चित्र लावले. तळवे मळलेले, घट्टे पडलेले, चालून थकलेले. पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार आंद्रेआ मांतेन्या यांचे मृत ख्रिस्ताचे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते तळवे लगेच ओळखू येतील. मांतेन्या यांची जडणघडणही पादुआतच झाली होती. प्रेक्षकांना मोबाइल बाहेर ठेवून आत जावे लागे, त्यामुळे आत कोणी स्वतःचे फोटो काढू शकत नव्हते, आणि कलाकृती समजावून सांगण्याचे काम तुरुंगातील स्त्रिया करीत. २८ एप्रिलला पोप फ्रान्सिस तेथे आले आणि त्या स्त्रियांना भेटले.

वैनगंगा

सर, हे ऐकून बरे वाटले. त्या तळव्यांचे आणि मांतेन्यांच्या चित्राचे छायाचित्र शेजारी ठेवून वर्गात दाखवता येईल. आठवीच्या पुढच्या मुलांना पायांचे रेखाटन अवघड जाते. त्यांनी आधी स्वतःच्या घरातल्या, रानातून आलेल्या माणसाचे तळवे काढावेत आणि नंतर ही दोन चित्रे पाहावीत, असे सुचवते. उलट क्रमाने दाखवले तर मुले नक्कल करतील.

कुंचला_आर्वी

सूचना उत्तम आहे, याच क्रमाने घेतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची माणसे दिवेलागणीला परततात, तेव्हा मुलांना गृहपाठ म्हणूनच द्यावे लागेल. रेखाटने आली की त्यांतली निवडक येथे प्रतिसादात लावतो. मुलांची नावे त्यांच्या पालकांना विचारून चित्राखाली लिहीन.